सहा-अष्टमांशाचा अपराध काय?

वार्षिक परीक्षांच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे दिवस आले की शिक्षकांच्या खोलीत एक जुना वाद नव्याने रंगतो. एका कलिंगडाच्या आठ सारख्या फोडी केल्या, त्यांतील सहा फोडी मुलांनी खाल्ल्या, तर कलिंगडाचा किती भाग संपला, असा साधा प्रश्न असतो. काही मुले ३/४ असे उत्तर लिहितात, काही ६/८ असे लिहून मोकळी होतात. उत्तरसूचीत ३/४ छापलेले असते. मग ६/८ लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत, अर्धा कापावा, की शून्य द्यावे? कोणी म्हणतो, उत्तर अतिसंक्षिप्त रूपात नाही, सबब अपुरे. कोणी म्हणतो, तसे प्रश्नात कोठे सांगितले आहे? अखेर बहुधा अर्धा गुण जातो, सहा-अष्टमांशाखाली तांबड्या शाईची रेघ येते आणि वाद संपतो.

दहा-अकरा वर्षांच्या मुलापुरता मात्र तो संपलेला नसतो. त्याने फोडी मोजल्या होत्या. आठ होत्या, त्यांतील सहा गेल्या. जे घडले तेच त्याने लिहिले, तरीही गुण गेला. यावरून तो दोहोंपैकी एक निष्कर्ष काढतो. एक तर ६/८ आणि ३/४ या दोन वेगळ्या संख्या असल्या पाहिजेत, आणि त्यांतील एक बरोबर व दुसरी थोडीशी चूक असली पाहिजे. नाही तर गणितातही गुरुजींना आवडणारे आणि न आवडणारे असे काहीतरी असले पाहिजे. पहिला निष्कर्ष खोटा आहे आणि दुसरा त्याहून घातक. ज्या धड्यावर हा प्रश्न बेतलेला असतो त्याचे नावच मुळी 'सममूल्य अपूर्णांक' असते. दोन रूपांचे मूल्य एकच आहे असे वर्षभर शिकवावयाचे आणि परीक्षेत त्याच दोन रूपांना निरनिराळे मोल द्यावयाचे, असा हा प्रकार आहे.

शिक्षकांची बाजू अगदीच लंगडी आहे असे नव्हे. साठ-सत्तर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर असताना प्रत्येक मुलाचे उत्तर निराळ्या वेषात आले तर तपासणाऱ्याचे हाल होतात. ६/८, ९/१२, १५/२० ही सगळी पाऊणच आहेत हे चटकन ओळखता येते. परंतु २५२/३३६ हेही पाऊणच, हे ओळखण्यास कागद-पेन्सिल घ्यावी लागते. शिवाय संक्षेप न करता पुढची गणिते करीत गेले तर अंश-छेद असे फुगत जातात की चूक कोठे झाली हे मुलालाही सापडत नाही आणि तपासणाऱ्यालाही. प्रत्येक संख्येला एक ठरलेले रूप असावे, म्हणजे दोन उत्तरे एकच आहेत की नाहीत हे नुसत्या नजरेने कळावे, ही अपेक्षा गैर नाही. ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाची एक जागा ठरलेली असते ती याच कारणासाठी. तथापि जागा चुकलेले पुस्तक निराळे पुस्तक होत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट तांबडी रेघ ओढताना विसरली जाते.

विसर पडण्यास वर्गातील भाषाही कारणीभूत आहे. अपूर्णांकाचा संक्षेप करण्याला वर्गात सर्रास 'काट मारणे' म्हणतात. मुले वरच्या सहावर आणि खालच्या आठवर तिरप्या रेघा मारतात, बाजूस बारीक अक्षरात तीन आणि चार लिहितात. काटणे म्हणजे कापणे, कमी करणे. ज्यावर काट मारली ते गेले, अशीच समजूत मुलाच्या मनात रुजते. 'संक्षिप्त' हा शब्दही तेच सुचवितो. बातमी संक्षिप्त केली म्हणजे तिच्यातील काही मजकूर गळतो. पाऊण हा सहा-अष्टमांशाहून लहान आहे असे मानणारी मुले प्रत्येक वर्गात भेटतात, त्याचे मूळ येथे आहे. वास्तविक येथे काहीच गळत नाही. कलिंगडाच्या आठ फोडींऐवजी तेवढ्याच कलिंगडाच्या चार मोठ्या फोडी कल्पिल्या, एवढेच घडते. तुकड्यांची संख्या घटते आणि त्याच प्रमाणात प्रत्येक तुकडा वाढतो. ही दुसरी बाजू काटाकाटीत दिसत नाही; कागदाची घडी उलगडून दाखविणाऱ्या शिक्षिकेच्या वर्गात मात्र ती पहिल्याच दिवशी दिसते.

जुन्या गणिती परिभाषेत याहून अर्थवाही शब्द होते. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या लीलावतीत सामाईक विभाजकाने भागण्याच्या कृतीला 'अपवर्तन' म्हटले आहे. कुट्टकाच्या प्रकरणात प्रश्न सोडविण्यापूर्वी भाज्य, हार आणि क्षेप या तिन्ही संख्यांना, शक्य असेल तर, एकाच संख्येने भागून घ्यावे असे ते सांगतात. ती संख्या शोधावयाची कशी, तर भाज्य आणि हार यांना परस्परांनी भागीत जावे; शेवटी जो शेष त्या दोघांना नि:शेष भागतो तोच अपवर्तनांक. त्याने भागून झाल्यावर भाज्य आणि हार यांना जे नाव मिळते ते आहे 'दृढ'. ज्यांचे यापुढे अपवर्तन होऊ शकत नाही, जे आता हलत नाहीत, ते दृढ. जुन्या मराठी अंकगणितात महत्तम सामाईक विभाजकाला 'दृढभाजक' म्हणत, ते याच परंपरेतून. पुढे 'मसावि' हे आद्याक्षरी नाव रूढ झाले. ते सोयीचे आहे, तोंडात बसते; परंतु त्यातून काय साधावयाचे याचा पत्ता लागत नाही. मसावि काढणे ही अनेक मुलांना एक स्वतंत्र शिक्षा वाटते. अपूर्णांकाशी तिचा काही संबंध आहे हे पुढच्या धड्यावर गेल्यावर कोणी सांगितले तर कळते.

लीलावतीतील कुट्टकाचे पहिले उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. २२१ ला कोणत्या संख्येने गुणून त्यात ६५ मिळविले असता बेरजेला १९५ ने नि:शेष भाग जाईल, असा प्रश्न आहे. २२१ मधून १९५ गेले, उरले २६. १९५ ला २६ ने भागले, उरले १३. २६ ला १३ ने पूर्ण भाग जातो. तेव्हा अपवर्तनांक १३. आणि २२१, १९५ व ६५ यांच्या जागी १७, १५ व ५ एवढ्या लहान संख्या येतात. बोजड वाटणारा प्रश्न आता पोराच्या हाती देता येतो. येथे भास्कराचार्य आणखी एक मार्मिक गोष्ट सांगून जातात. भाज्य व हार यांना ज्या संख्येने भाग जातो तिने क्षेपाला जात नसेल, तर तो प्रश्नच सदोष समजावा. अपवर्तन म्हणजे उत्तरावर शेवटी फिरवावयाचा रंग नव्हे. प्रश्न सुटण्याजोगा आहे की नाही हेच त्यातून कळते. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे यादवकालीन शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिल्याची नोंद त्यात आहे. तेव्हा हे गणित या प्रदेशात एकेकाळी दान-जमिनीच्या आधाराने शिकविले जात होते, याचा पुरावा दगडावर कोरलेला आहे.

ही कृती एकट्या भारताची आहे असे मात्र मानण्याचे कारण नाही. ग्रीक गणिती युक्लिड याच्या ग्रंथाच्या सातव्या पुस्तकाचा प्रारंभच परस्पर-वजाबाकीच्या याच कृतीने होतो, आणि दिलेल्या संख्यांच्याच प्रमाणात असणाऱ्या लहानात लहान संख्या शोधण्याचा सिद्धान्त त्याच पुस्तकात तेहतिसावा आहे. हा काळ इसवी सनापूर्वी ३०० च्या आसपासचा. चीनमध्ये हान राजवटीत सिद्ध झालेल्या 'नऊ प्रकरणे' या गणितग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात अपूर्णांक संक्षिप्त करण्याचा नियम आहे : दोन्ही संख्यांचे निम्मे होत असेल तर निम्मे करा, नसेल तर मोठीतून लहान वजा करीत जा, दोन्ही बाजू समान होईपर्यंत, जी संख्या उरेल तिने भागा. तेथील दोन उदाहरणे आहेत १२/१८ आणि ४९/९१. पहिले कोणीही सोडवील. दुसरे आजच्या चांगल्या विद्यार्थ्यालाही क्षणभर अडवील. ९१ मधून ४९ गेले ४२. ४९ मधून ४२ गेले ७. ४२ मधून सात-सात काढीत गेले की अखेर सातच उरतात. सातने भागून ७/१३. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या ग्रंथकाराने दुसरे उदाहरण मुद्दाम अवघड निवडले असावे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

कारण संक्षेपाची खरी अडचण तेथेच आहे. पाठ्यपुस्तकी अपूर्णांक बहुधा दोन, तीन, पाच यांनी कापले जातात. मुलाला सवय लागते ती अंदाजाने : दोन्ही सम आहेत ना, दोनाने भागा, शेवटी शून्य वा पाच आहे ना, पाचाने भागा. यापलीकडे काही सुचले नाही की 'काट जात नाही' असे म्हणून तो थांबतो. ९१/११९ समोर आले की तो थांबतो, कारण सातने दोन्ही विभागले जातात हे पाढ्यांच्या पहिल्या फेरीत ध्यानात येत नाही. उलट ७७/६० सारख्या अपूर्णांकावर तो उगाच दहा मिनिटे घालवितो, कारण प्रश्न दिला आहे तेव्हा काहीतरी कापले गेलेच पाहिजे अशी त्याची श्रद्धा असते. वस्तुस्थिती अशी की अंश आणि छेद डोळे मिटून निवडले तर शंभरातील सुमारे ६१ वेळा अपूर्णांक आधीच दृढ असतो. परस्पर-भागाकाराची कृती दोन्ही ठिकाणी निकाल देते. अखेरीस एकाहून मोठी संख्या उरली तर तिने भागावे. एकच उरला तर थांबावे, आणि नि:शंक मनाने थांबावे. या कृतीस किती भागाकार लागतील याचा हिशेब फ्रेंच गणिती लामे याने १८४४ साली मांडला : लहान संख्येत जितके अंक असतील त्यांच्या पाचपटीहून अधिक कधीच नाहीत. दोन अंकी संख्यांना फार तर दहा. जी संख्या अंदाजाने सापडत नाही ती दहा पायऱ्यांत हमखास सापडते, हे मुलांना सांगितले जात नाही याची खंत वाटली पाहिजे. १९७७ साली पुढे आलेल्या आरएसए या सांकेतिक लेखनपद्धतीत गुप्त किल्ली तयार करताना याच कृतीचे विस्तारित रूप वापरतात, हे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना सांगितले तर त्यांचे डोळे थोडे उघडतील.

आता या संक्षेपाचा व्यवहारात उपयोग काय, असे विचारणारे पालक असतात, आणि त्यांना 'पुढे बीजगणितात लागते' असे उत्तर देऊन वाटेस लावले जाते. याहून चांगली उत्तरे सराफाच्या दुकानात मिळतात. बावीस कॅरट सोने म्हणजे २४ भागांपैकी २२ भाग शुद्ध सोने. त्यावर ९१६ हा आकडा असतो, तो हजारातील भागांचा. अठरा कॅरटवर ७५०, चौदा कॅरटवर ५८५. अठराचा आकडा नेमका येतो, बावीसचा येत नाही. २२/२४ चे हजारात रूपांतर केले तर ९१६ नंतर सहाची न संपणारी रांग लागते आणि ती सोडून द्यावी लागते. छेद तर दोन्हींचा २४ च, मग असे का? संक्षेप केल्यावाचून हे उकलत नाही. १८/२४ म्हणजे ३/४. छेदात उरले फक्त दोनाचे गुणक. २२/२४ म्हणजे ११/१२. छेदात तीन शिल्लक राहिला. दृढ रूपाच्या छेदात दोन आणि पाच यांखेरीज दुसरा मूळ अवयव असेल तर दशांश कधीच संपत नाही. चौदा कॅरटचे दृढ रूप ७/१२. तेथेही तीन आहेच, म्हणून हिशेबाने ५८३ आणि वर एक-तृतीयांश येतात. प्रमाण मात्र ५८५, म्हणजे किंचित वरचे, ठेवलेले आहे. (हा सात-बारा तलाठ्याच्या सातबाऱ्याहून अर्थातच निराळा, तेथे सात आणि बारा हे गावनमुन्यांचे क्रमांक आहेत, अंश-छेद नव्हेत.)

याच नियमाने एके काळी साऱ्या देशाला घाम फोडला होता. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. आता रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १६/१०० चे दृढ रूप ४/२५. म्हणजे चार आण्यांचे बरोबर पंचवीस नवे पैसे होतात आणि चाराच्या पटीखेरीज कोणत्याही पूर्ण आण्याचे पूर्ण नवे पैसे होत नाहीत. पावली, अधेली आणि बारा आणे तेवढे जुळले. एका आण्याचे सव्वासहा, दोन आण्यांचे साडेबारा, तीन आण्यांचे पावणेएकोणीस. आणि पाव नव्या पैशाचे नाणे तर नव्हतेच. भाजीच्या टोपलीपासून टपालाच्या खिडकीपर्यंत कोणी वर ओढावे आणि कोणी खाली सोडावे याचे तंटे झाले, त्यांचे मूळ व्यापाऱ्याच्या लबाडीत जेवढे होते तेवढेच ४/२५ या अपूर्णांकातही होते. पीकपाण्याच्या आणेवारीची पैसेवारी झाली. पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातूनही गेले. आज कोणत्याही मुलाने ते हातात घेतलेले नाही. तरी पावकिलो, पाऊण तास आणि दीड शहाणा हे शब्द घराघरांत आहेत.

या शब्दांकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते की मराठी बोलणारा माणूस संक्षेप न शिकताच करतो. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, औट ही नावे आधीपासूनच दृढ रूपातील आहेत. चार भागांतील दोन भाग घेतले तर त्यांना कोणी दोन-चतुर्थांश म्हणत नाही, अर्धाच म्हणतो. (दोन पाव म्हटले तर मुंबईत हाती बेकरीतला जिन्नस येईल.) जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकून घेत. त्या घोकंपट्टीची भलावण करण्याचे कारण नाही. छेद तीन, पाच किंवा सात आला की ते पाढे निरुपयोगी होत आणि त्यात कित्येकांचे बालपण रडण्यात गेले. परंतु पाऊण ही आठांतील सहांत, बारांतील नवांत आणि सोळांतील बारांत सारखीच वावरते, हे पाउणकी म्हणणाऱ्या मुलाला कोणी सांगावे लागत नव्हते. आठी पाउणी सहा, बारी पाउणी नऊ हे त्याच्या कानात होते.

एवढे सगळे संक्षेपाच्या बाजूने सांगून झाल्यावर उलट बाजूही मांडली पाहिजे, कारण ती शाळेत कधीच मांडली जात नाही. संक्षेप करणे ही प्रत्येक वेळी शहाणपणाची गोष्ट नसते. शिक्षकांच्या स्वत:च्याच नोंदवहीतील उदाहरण घ्यावे. एका मुलाला एका चाचणीत २० पैकी १० आणि दुसरीत १० पैकी ९ गुण मिळाले. एकूण ३० पैकी १९. पहिल्या चाचणीच्या गुणांचा कोणी हौसेने संक्षेप केला आणि १/२ लिहून ठेवले, तर पुढची बेरीज करणारा कारकून १२ पैकी १० अशी नोंद करील. त्रेसष्ट टक्क्यांचा मुलगा त्र्याऐंशी टक्क्यांवर जाईल. १०/२० आणि १/२ या एकच संख्या आहेत हे खरे. परंतु गुणपत्रिकेतील १०/२० ही केवळ संख्या नाही, ती एक हकीकत आहे. परीक्षा किती गुणांची होती हे त्यातील छेद सांगतो. पाश्चात्य संगीताच्या स्वरलिपीत ६/८ आणि ३/४ ही तालाची दोन वेगळी मापे आहेत आणि तेथे पहिल्याचा 'संक्षेप' करणाऱ्याला वादक हसतील. कलिंगडाच्या प्रश्नातील ६/८ हीदेखील एक हकीकतच होती.

आणखी एक गंमत अशी की सगळी कचेरी असंक्षिप्त अपूर्णांकांवर चालते. शेकडेवारी म्हणजे दुसरे काय? पाऊण हे ७५/१०० असे लिहिले, एक-पंचमांश २०/१०० असे लिहिले, आणि दोहोंचा छेद मुद्दाम सारखा ठेवला, की तुलना आपोआप होते. १५ टक्के म्हणजे ३/२०. परंतु २००३ च्या एक्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाची मर्यादा घातली ती १५ टक्क्यांची, तीन-विसांशाची नव्हे. महाराष्ट्राच्या २८८ सदस्यांच्या विधानसभेत हिशेब मात्र तीन-विसांशानेच सोपा होतो : २८८ ला २० ने भागून तिप्पट करा, ४३.२ येतात, म्हणून मंत्री ४३. उलट, त्याच घटनेत विशेष बहुमत सांगताना दोन-तृतीयांश असे दृढ रूपच आले आहे, कारण सदस्यांची संख्या कितीही असली तरी ते लागू व्हावयाचे आहे. आणि दोन-तृतीयांशाचे टक्के करू गेले तर सहांची तीच न संपणारी रांग आडवी येते. रूप कोणते घ्यावे हे काम पाहून ठरते. सायकलच्या पुढच्या चक्राला ४८ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते असतील तर दुकानदाराला सुटे भाग मागताना ४८ आणि १८ च सांगावे लागतात. पायडल आणि चाक पुन्हा एकाच वेळी मूळ जागी केव्हा येतील हे हवे असेल तर ८/३ करावे लागते : पायडलचे तीन फेरे, चाकाचे आठ.

मुलांना हा विवेक शिकवावयाचा, तर परीक्षेत नेमके उलट घडते. बरोबर संख्या, पण रूप निराळे, म्हणून गुण कापले जातात. आणि कृती साफ चुकीची, पण रूप सूचीप्रमाणे, म्हणून पूर्ण गुण दिले जातात. १६/६४ हे उदाहरण प्रसिद्ध आहे. वरचे सहा आणि खालचे सहा काटले की १/४ उरतात, आणि उत्तर अगदी बरोबर! जुन्या रुपयातील चौसष्ट पैशांपैकी सोळा पैसे म्हणजे पावलीच. १९/९५ मधील नऊ काटा, १/५. २६/६५ मधील सहा काटा, २/५. ४९/९८ मधील नऊ काटा, ४/८. दोन अंकी संख्यांत अशी योगायोगाची उदाहरणे ही चारच. १३/३४ मधील तीन काटून १/४ करणारा तोंडघशी पडतो. अंक काटणे आणि अवयव काटणे यांतील भेद ज्याला पाचवीत कळला नाही, तो नववीत (अ + २)/२ मधील दोनांवर दोन मारून मोकळा होतो. अ च्या जागी सहा घालून पाहिले तर आठाचे निम्मे चार यावयास हवेत, त्याच्या हाती सहा येतात. 'काट' या शब्दाने पेरलेले पीक चार वर्षांनी असे उगवते. त्याच वर्षांत दोनाचे वर्गमूळ अपरिमेय असल्याची सिद्धता शिकविली जाते. ती सारी एका गृहीतावर उभी असते : समजा ते वर्गमूळ दृढ रूपातील एका अपूर्णांकाएवढे आहे. मग अंशही सम निघतो, छेदही सम निघतो, आणि दोन्ही सम असलेला अपूर्णांक दृढ कसा, असा पेच पडतो. ज्याच्या लेखी दृढ रूप म्हणजे अर्धा गुण वाचविण्याची तरतूद, त्याला या पेचातले सौंदर्य कळावे कसे? तो सिद्धता पाठ करतो.

उपाय खर्चिक नाहीत. प्रश्नात रूपाविषयी काही सांगितले नसेल तर सममूल्य असलेले कोणतेही उत्तर पूर्ण गुणांचे मानावे, आणि तसे उत्तरसूचीच्या माथ्यावर छापावे, म्हणजे तपासणाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न राहणार नाही. दृढ रूपच हवे असेल तर ते मागावे, आणि त्यासाठी गुण वेगळे काढून ठेवावेत; दोन गुणांच्या प्रश्नात एक संख्येचा, एक रूपाचा. रूप चुकलेल्याचा रूपाचाच गुण जाईल आणि त्याला कारणही कळेल. कृती दाखवावयाची असेल तेथे अंक काटून मिळविलेल्या बरोबर उत्तरावरही चूक दाखविली गेली पाहिजे. परस्पर-भागाकाराची कृती मसाविच्या धड्यात केवळ नावाला न राहता अपूर्णांकाच्या धड्यात आणावी, आणि सरावासाठी ४९/९१ व ९१/११९ यांच्यासारखी उदाहरणे द्यावीत. त्यांत चार-दोन ७७/६० सारखी, जेथे काहीच करावयाचे नसते, अशीही मिसळावीत. निर्णायक परीक्षांच्या बहुपर्यायी प्रश्नांत मात्र खबरदारी अधिक हवी. तेथे ३/४ आणि ६/८ हे दोन्ही पर्याय देऊन मुलाला गोंधळात टाकण्याची हौस काही प्रश्नकर्त्यांना असते. सूचना न देता असा प्रश्न विचारणे म्हणजे दोन बरोबर उत्तरे छापून एकाला चूक ठरविणे होय.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांकडून यासाठी फारसे काही मागावयाचे नाही. 'उत्तर अतिसंक्षिप्त रूपात लिहा' ही चार शब्दांची सूचना आहे, आणि छपाईत तिला अर्धी ओळही लागत नाही.